पिलाताचं नाव

अहमदीच्या चर्चमध्ये रविवार शुक्रवारी येतो.
सातची मिस्सा इंग्रजीत, मग मल्याळम, मग तगालोग,
कोकणीला दुपारची वेळ.
मराठीला वेळ नाही. आम्ही मोजून अकरा.

म्हणून विश्वासाचा अंगीकार मी इंग्रजीच्या आत लपून म्हणतो,
आईनं नंदाखालला पानवेलीला पाणी सोडताना
घोकून घेतला होता, तसाच्या तसा.
माझे शब्द लांबट. निर्माणकर्ता. सर्वसमर्थ.
चारशे माणसं आमेन म्हणून बसतात
तेव्हा मी अजून संतांच्या समागमात उभा.
पुढच्या बाकावरची फिलिपिनो नर्स
हल्ली माझ्यासाठी थोडी उशिरा बसते.

सात वर्षांचा असताना विचारलं होतं आईला,
पेत्राचं नाव नाही ह्यात, योहानाचं नाही,
एक मरिया, आणि दुसरा हा मेला पिलात.
ह्याचं कशाला?
ती पाटाचं पाणी वळवत म्हणाली,
अंमल त्याचा होता ना रे.
लिहावं लागतं.

ते इथं कळलं.
माझ्या प्रत्येक कागदावर माझ्या नावाखाली
एका माणसाचं नाव आहे,
ज्याला मी बावीस वर्षांत पाहिलेलं नाही.

माझं काम टाकीच्या तोंडाशी बसायचं.
आत उतरला त्याचा बिल्ला बोर्डावर टांगायचा,
वर आला की काढून त्याच्या हातात द्यायचा.
बिल्ला उरला तर आत माणूस आहे.
बस्त्याव रुमाव, वटारचा, बिल्ला सतरा.
अधोलोकात उतरला, म्हणायचा तो, शिडीवर पाय ठेवताना,
आणि वर येऊन गाळानं काळे झालेले दात दाखवायचा.
तिसरा दिवस कशाला, चाळीस मिनिटं पुरे.

तो टाकीत गेला नाही.
फहाहीलच्या खोलीत, वरच्या बंकवर,
मंगळवारी दुपारी, पंख्याखाली गेला.

तिसऱ्या दिवशी डॉक्टरांचा दाखला आला.
नवव्या दिवशी पोलिसांचा.
मग एक सही अडली.
अरिमथाईकर योसेफ माझ्या डोळ्यापुढून हलेना.
जिवंतपणी ज्याचा अंमल,
देहही शेवटी त्याच्याच दारात जाऊन मागायचा.
पण योसेफाकडे स्वतःची कबर तरी होती,
माझ्याकडे प्लास्टिकची फाइल
आणि खिशात तो बिल्ला.

कारकून पोरगेलासा होता. खुर्ची दिली, पाणी दिलं.
विचारलं, तुझा भाऊ?
मी म्हणालो, हो.
खोटं बोललो की नाही, अजून ठरवतोय.
संतांचा समागम, पापांची क्षमा
आईनं एका श्वासातच शिकवलं होतं.
एकोणिसाव्या दिवशी त्यानं वरून सही आणून दिली,
आणि बाटलीतलं सॅनिटायझर हातांवर चोळलं.
सवय असेल. सगळेच चोळतात.
मी त्यावर काही म्हणत नाही.

पेटीसकट एकशे अठरा किलो, कार्गोवाल्यानं लिहिलं.
वजन करून पाठवलेल्या त्या देहाचं पुनरुत्थान
मी मानतो.
कसं, ते विचारू नका,
मला फक्त म्हणता येतं.

परवाच्या मिस्सेला पिलाताशी आलो
आणि पहिल्यांदा दात न खाता त्याचं नाव घेतलं,
जसं फॉर्मवर घेतात.
मग नेहमीसारखा मागे पडलो.
नर्स उभी होती.

स्टोअरवाला बिल्ला सतरा मागतोय, नवा माणूस आलाय.
देतो म्हणालोय.
रोज सकाळी बूट घालताना
खिसा चाचपतो.